ग्रानक्विस्टची राहिलेली बाजू

वर कोणीतरी म्हटलंय की स्ट्रायकर झ्लाटान इब्राहिमोविच राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्यावर स्वीडनच्या फुटबॉलकडे नाव घ्यावं असं कोणी उरलंच नाही. अहो, आंद्रेआस ग्रानक्विस्टला विसरलात की! स्वीडनच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा गुल्डबोलन पुरस्कार झ्लाटानने 2007 ते 2016 अशी सलग दहा वर्षं घरी नेला; 2017 ला तो या सेंटर-बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, पटकावला. त्याच नोव्हेंबरात वर्ल्डकप पात्रतेच्या प्लेऑफमध्ये स्वीडनने इटलीला 1-0 हरवलं आणि मग मिलानमध्ये 0-0 असं रोखून धरलं. साठ वर्षांत पहिल्यांदाच इटली वर्ल्डकपबाहेर.

2018 च्या रशियातल्या वर्ल्डकपमध्ये दोन पेनल्टी त्यानेच मारल्या, कोरिया आणि मेक्सिकोविरुद्ध. कोरियाची आठवा: व्हीएआरचा (व्हिडिओ पाहून पंचांनी निर्णय तपासण्याचा) घोळ संपेपर्यंत हा शांत उभा. मग गोलकीपर एका बाजूला, बॉल दुसऱ्या. बचावपटूकडे एवढा थंडपणा? आपल्याला तर टीव्हीसमोर घाम फुटला होता.

पण मला भावतो तो पुढचा निर्णय. ग्रोनिंगेन, जेनोआ, क्रास्नोदार अशा परदेशी क्लबांत फिरून कॅप्टन आला कुठे, तर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अडकलेल्या हेल्सिंगबोरी या स्वतःच्या जुन्या स्वीडिश क्लबात. त्याच मोसमात क्लब वर चढला. 2020 ला पुन्हा घसरला, ते वेगळं.