दोन कुत्र्यांना घेऊन कोकण किनारा: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या मध्यात मी आणि नवरा गाडीने कोकणात निघतोय. साधारण आठवडाभर हातात आहे. सोबत आमची दोन्ही कुत्री. साखर ११ वर्षांची लॅब्रेडोर, मागच्या पायांत संधिवात. काळू तरुण, गावठी, तब्येतीने ठणठणीत, पण मोठ्या आवाजाला बिचकतो आणि घाटात हमखास ओकतो. साखरला पाणी म्हणजे जीव की प्राण. डॉक्टर म्हणाले, उथळ पाण्यात चालू दे, सांध्यांना बरंच आहे, फक्त दमवू नका. तिला समुद्र यंदाच दाखवायचा, पुढच्या वर्षावर ढकलायचा नाही, हे आमचं पक्कं ठरलंय.

बेत असा आहे: ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून वेसवी. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोली. दाभोळहून दुसरी फेरी धोपाव्याला आणि गुहागर. पुढे वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगडची तिसरी फेरी, गणपतीपुळे. परतताना आंबा घाट.

सगळ्यात मोठी अडचण राहण्याची आहे. फोनवर सगळे "आणा की, चालतील" म्हणतात. जरा खोदून विचारलं की कळतं, कुत्री मागच्या पडवीत साखळीला. काळू अनोळखी जागी एकटा बांधला तर रात्रभर रडेल आणि बाकीच्या पाहुण्यांचीही झोप मोडेल. यजमानांची बाजूही मला कळते. ओटीवर पंगत बसते, शेजारच्या खोलीत लहान मुलं असतात, कुणाला भीती वाटते. चादरी, टॉवेल, त्यांची भांडी, केस काढायचा ब्रश सगळं आमचं आम्ही आणतो, स्वयंपाकघराकडे कुत्री फिरकणार नाहीत याची हमी देतो. तरी रात्री ती आमच्याच खोलीत हवीत.

दुसरं म्हणजे खोलीतली फरशी. चकचकीत टाइल्सवर साखरचे मागचे पाय फाकतात आणि ती उठूच शकत नाही. घरी आम्ही पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्यांची वाट केली आहे. गाडीत चढायला नवऱ्याने प्लायवूडची फळी केलीय, वर काथ्याचं पायपुसणं ठोकलंय. ती आधी एक पाय ठेवून फळी हलते का बघते, मगच चढते. त्यामुळे तळमजल्याची, पायऱ्या नसलेली खोली हवी. अशी घरं कशी शोधायची, फोनवर नेमकं काय विचारायचं?

शिवाय फेरीबोटीत काळूचं काय करायचं? आणि मुळात साखरच्या वयाला हा एवढा प्रवास झेपेल का? कुत्री घेऊन या रस्त्याने गेलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. "घरी ठेवून जा" हा सल्ला मात्र नको, तो घरच्यांनी देऊन झालाय.

खाडीपलीकडे:
ताई, गुहागर तालुक्यातला आहे म्हणून लिहितो. फेरीची चिंता करू नका. बागमांडला-वेसवी तर दहा-पंधरा मिनिटांत पार होते. आवाज होतो तो लोखंडी फळी वरखाली करताना आणि भोंगा वाजला की. त्या वेळी काळूजवळ मागच्या सीटवर एकाने बसायचं, काचा थोड्या खाली, आणि त्याला बोटीवर उतरवायचं नाही. ऊन चढलं की लोखंडी तळ पायाला चटके देतो. सकाळची पहिली-दुसरी फेरी धरा.

घर शोधताना "कुत्री चालतील का" असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. "रात्री खोलीत झोपलेली चालतील का, तुमच्याकडे कोंबड्या-मांजरं मोकळी असतात का, वाडीला दगडी गडगा किंवा कुंपण आहे का, तुमचा कुत्रा आहे का" असं एकेक विचारा. फरशीचा फोटो मागवा. जुन्या घरांत अजून सारवलेलं अंगण असतं, तुमच्या साखरला त्यावर पाय रोवता येतील.

आणि एक जीव तोडून सांगतो: कुत्र्याला माडाखाली बांधू नका, खाली झोपूही देऊ नका. नारळ आणि सुकलेली झावळी कधी सुटेल नेम नसतो. पाहुण्यांना सावली दिसते, आम्हाला वर काय लोंबतंय ते दिसतं.

कासवमित्र:
वेळासला किनाऱ्यावर कुत्री नेऊ नका, ही कळकळीची विनंती. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, म्हणजे तुम्ही याल तेव्हा घरटी वाळूत असणार. पिल्लं निघायला साधारण ५० दिवस लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास वेळासला काम सुरू केलं, त्याआधी अंडी माणसं नेत आणि उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. आता अंडी कुंपणात हलवतात, पण रात्री आलेल्या मादीचं घरटं सकाळी माणूस पोचेपर्यंत उघडंच असतं. आंजर्ले, केळशी, गुहागरलाही घरटी होतात. तिथे पट्टा सोडू नका, भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू टाळा आणि अंधारात किनाऱ्यावर जाऊच नका. ओल्या, घट्ट वाळूत सकाळी चालवा, साखरच्या पायांनाही तीच बरी.

गोठ्यातला डॉक्टर:
मी पशुवैद्य आहे, जास्त काम गाई-म्हशींचं, पण कुत्रीही बघतो.

काळूला निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. उलटी थांबवायला मॅरोपिटंट नावाचं औषध मिळतं, ते तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या आणि आधी एकदा गाडीने जवळपास कुठे जाताना देऊन बघा. साखरच्या दुखण्यावरच्या गोळ्या पुरेशा घ्या. संपल्या म्हणून माणसांची आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अजिबात नाही.

समुद्राचं पाणी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, फार गेलं तर जिवावर बेतू शकतं. लॅब्रेडोर चेंडू तोंडात धरून पोहते तेव्हा घोट जातातच. म्हणून दर थोड्या वेळाने बाहेर काढून गोडं पाणी पाजा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढलेल्या जागी पडलेले मासे खाऊ देऊ नका. त्यात केंड असतो, फुगणारा मासा. त्याचं विष जीवघेणं आहे आणि त्यावर उतारा नाही. मासे सोलून टाकलेल्या जागी गळही पडलेले असतात.

कातळावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो. संध्याकाळनंतर पट्टा आखूड ठेवा, बॅटरी घ्या. चावलं तर चोखणं, कापणं, आवळून बांधणं काही नाही, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरचं इंजेक्शन असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक मुक्कामाजवळच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चालू आहे ना बघा, गोचिडांचं औषध निघण्याआधी द्या, लसीकरणाचं कार्ड गाडीत ठेवा.

दोन शेपट्या:
आमचीही म्हातारी कुत्री होती, म्हणून सांगते. रोज नवी खोली, नवा वास, नवी फरशी यानेच ती थकतात, गाडीत बसून तेवढी नाही. पाच मुक्काम करू नका. दोनच करा, दापोलीजवळ कर्दे किंवा मुरुड आणि मग गुहागर. गणपतीपुळ्याला देवळासमोरच किनारा आहे, गर्दी असते, दोन कुत्री घेऊन तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. हर्णैचा मासळी लिलाव एकाने बघायचा, दुसऱ्याने कुत्र्यांपाशी थांबायचं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्यासोबत नकाशा घेऊन बसले आणि बेत बदलला. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळे दोन्ही गाळलं. ताम्हिणीतून माणगाव, पुढे महामार्गाने येऊन खेडहून दापोली, कर्द्यात मुक्काम. मग दाभोळची एकच फेरी, गुहागरला मुक्काम, परतीला चिपळूण आणि कुंभार्ली घाट. वेळासला आम्ही दोघंच मार्चमध्ये वेगळे जाऊ, पिल्लं समुद्रात जाताना बघायला.

काळूच्या औषधाची चाचणी रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत करतोय. कर्द्यात एका काकूंनी अंगणाचा आणि खोलीचा फोटो पाठवलाय. खोलीत शहाबादी फरशी आहे, खरखरीत दिसतेय. त्यांच्या तीन कोंबड्या मात्र दिवसभर मोकळ्या असतात. काकू म्हणतात, "तुम्ही याल तेव्हा खुराड्यात ठेवीन." गुहागरची खोली अजून मिळालेली नाही. खाडीपलीकडे, तुमच्या ओळखीत तळमजल्याचं, बिनपायऱ्यांचं घर असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.