इमिया-कार्दाक १९९६ : आग हुर्रियतने लावली का?

कात्रणवही : एजियन समुद्रातल्या इमिया (तुर्की नाव कार्दाक) या दोन निर्जन खडकाळ बेटांवरून झालेल्या ग्रीस-तुर्कस्तानच्या १९९६च्या पेचाबद्दल एकच वाक्य सगळीकडे सापडतं, की 'हुर्रियत' या तुर्की दैनिकाच्या बातमीदारांनी बेटावरचा झेंडा बदलला आणि युद्ध तोंडावर आलं. नेमका क्रम काय? दोष एकट्या पेपरचा का?

दर्यावर्दी : २५ डिसेंबर १९९५ला 'फिगेन अकात' हे तुर्की मालवाहू जहाज तिथे खडकांवर रुतलं. कप्तानाचं म्हणणं, पाणी तुर्कस्तानचं आहे, ग्रीक मदत नको. अखेर ग्रीक टगबोटीनेच ते ओढून काढलं. मग परराष्ट्र खात्यांचे खलिते सुरू झाले, पण ते आतल्या आत. बाहेर जवळजवळ महिनाभर पत्ता नव्हता. मालकीचा वाद पुरता उभा होता, तरी कोणी सैन्य उतरवलं नव्हतं.

जानेवारीत एका ग्रीक नियतकालिकाने हा वाद छापला. जवळच्या कालिम्नोस या ग्रीक बेटाच्या नगराध्यक्षांनी जाऊन ग्रीक झेंडा रोवला. २७ जानेवारीला हुर्रियतचे लोक हेलिकॉप्टरने उतरले, तो काढून तुर्की झेंडा लावला, आणि फोटो छापून आला. २८ला ग्रीक नौदलाने तो उतरवला. लष्करी गणवेश बेटावर आला तो इथे. ३१च्या पहाटे तुर्की कमांडो शेजारच्या खडकावर उतरले, ग्रीक हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी गेले.

तळटीप : क्रम बरोबर, पण पेपरला एवढं श्रेय नको. मूळ कागदच कच्चा. सागरी हद्द ठरवणारा १९३२चा इटली-तुर्कस्तान दस्तऐवज ग्रीस मानतो, कारण १९४७च्या पॅरिस तहाने इटलीची ती बेटं त्याला मिळाली. तुर्कस्तान म्हणतो, तो दस्तऐवज लागूच झाला नाही. शिवाय ग्रीसमध्ये सिमितिस नुकतेच पंतप्रधान झालेले, आणि तुर्कस्तानच्या पंतप्रधान तान्सू चिल्लर डिसेंबरच्या निवडणुकीनंतर काळजीवाहू. फोटो छापल्यावर माघार घ्यायची ताकद दोघांतही नव्हती. शेवटी अमेरिकेने मध्ये पडून जहाजं, सैनिक, झेंडे सगळंच हटवायला लावलं.

दर्यावर्दी : मान्य, पण खलिता गुपचूप मागे घेता येतो, पहिल्या पानावरचा झेंडा नाही. पेपरचा वाटा तिथेच.

उपसंपादक : अशी बातमी वाचताना आधी कर्ता शोधा. 'ग्रीसने झेंडा लावला' असा मथळा असेल, तर लावणारा नगराध्यक्ष की नौदल? मथळ्यात दोघांचा एकच 'देश' होतो, आणि उत्तरही देशालाच द्यावं लागतं. दुसरं, फोटो काढणारा घटनेचा साक्षीदार आहे की घडवणारा? इथे तो घडवणारा होता. ते मजकुरात लपवलेलं नव्हतं, उलट मिरवलं होतं.