सिंहगडाच्या पावसाळी रंगांची लोकर: हाताने रंगवताना प्रमाण किती, रंग गढूळ का होतात?

धागा_कोथरूड
भाद्रपदातल्या सिंहगडाच्या उताराचे रंग शालीच्या लोकरीत आणायचे आहेत. भिजलेला काळा कातळ, त्याच्या भोवतीचं गवत नि शेवाळ, सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, आणि जमलं तर कारवीचा जांभळा. लोकर ७५ टक्के सुपरवॉश मेरिनो (धुतल्यावर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली मऊ लोकर) आणि २५ टक्के नायलॉन आहे. १०० ग्रॅमची लडी, तिच्यात साधारण ४०० मीटर धागा, अशा ४ लड्या. ॲसिड रंगांची (ॲसिड आणि उष्णतेने लोकरीवर बसणाऱ्या रंगांची) भुकटी, सायट्रिक ॲसिड आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हाताशी आहे.

विचारायचं आहे ते असं: कुठल्या भागाला किती रंग घ्यावा? पिवळा नि जांभळा शेजारी आले की मातकट होतात, ते कसं टाळायचं? लडी वरून रंगते आणि आत पांढरी राहते, त्यावर उपाय काय?

रंगपेटी
आधी वाटणी ठरवा. पाच रंग समान मापाने टाकले तर लडी रंगपंचमीची दिसेल, सिंहगडाची नाही. उतारावर सोनकी कितीही उठून दिसली तरी ती शिंपडलेली असते. डोळ्यांत भरतं ते राखाडी-हिरवं. एका लडीसाठी मी अशी वाटणी सुचवेन: राखाडी-हिरवा ५५ ग्रॅम, कातळ ३० ग्रॅम, पिवळा १० ग्रॅम, गुलाबी ५ ग्रॅम. कारवी यात घालूच नका. ती फुलते तेव्हा अख्खा उतार जांभळा होतो, तिला स्वतंत्र लडी द्या. पिवळ्या-जांभळ्याचा प्रश्नही तिथेच मिटतो.

आता मापं. १ ग्रॅम भुकटी आधी थोड्या गरम पाण्यात पेस्टसारखी कालवायची, मग पाणी वाढवत १०० मिलि करायचं. हे झालं १ टक्क्याचं द्रावण. गुठळी राहिली तर लडीवर गडद ठिपका पडतो, म्हणून जुन्या पातळ कापडातून गाळून घ्या. भुकटी मोजताना मास्क आणि हातमोजे हवेतच. भांडी, चमचे, बाटल्या सगळं वेगळं ठेवा, स्वयंपाकाला परत नाही.

राखाडी-हिरवा: ५५ ग्रॅमला लोकरीच्या वजनाच्या ०.६ टक्के भुकटी, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण ३३ मिलि, पाणी घालून ८५ मिलि करा.
कातळ: ३० ग्रॅमला २ टक्के. इथे द्रावणच २ टक्क्यांचं करा, ३० मिलि लागेल, ते ४५ मिलिपर्यंत वाढवा.
पिवळा: १० ग्रॅमला १ टक्क्याचं ५ मिलि, वाढवून १५.
गुलाबी: ५ ग्रॅमला १ टक्क्याचं २ मिलि, वाढवून ८.

एकूण १५३ मिलि. १०० ग्रॅम भिजलेली, पिळलेली लोकर साधारण एवढंच पाणी धरते. बरेच जण गडद रंगासाठी पातळ द्रावण भरपूर ओततात. मग ते लडीखाली साचतं, खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून वाहत शेजारच्या पिवळ्यात शिरतं, आणि दोष पिवळ्याला लागतो. गडद रंगाला द्रावण दाट हवं, जास्त नको.

राखाडी-हिरवा तयार बाटलीतल्या हिरव्यातून येत नाही, तो प्लॅस्टिकच्या पानासारखा दिसतो. पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालत हिरवा करा आणि मग अगदी थोड्या लालने त्याची चमक मारा. सोनकीसाठी निव्वळ लिंबू-पिवळा घेऊ नका, १०० मिलि पिवळ्यात २ मिलि लाल पुरे. प्रत्येक कंपनीच्या रंगाची ताकद वेगळी असते, तेव्हा आधी ५-५ ग्रॅमच्या छोट्या लड्या रंगवून वाळवून बघा. ओली लोकर नेहमी गडद दिसते. आणि चारही लड्यांचे रंग एकदमच कालवा, वर १० टक्के जास्तीचे. दुसऱ्यांदा कालवलेला राखाडी पहिल्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

आत पांढरं राहण्याची कारणं दोन. एक, लडी पुरती भिजलेली नसते. दुसरं, बांधण्या घट्ट असतात. लडीला चार ठिकाणी इंग्रजी ८ च्या आकारात सैल दोरा बांधा, बोट आत जाईल इतका सैल. कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून तासभर भिजवा, मग २ लिटर पाण्यात १ चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात अर्धा तास ठेवा. पिळून, टॉवेलमध्ये दाबून घ्या. पाणी ठिबकत असेल तर रंग पसरणारच.

ॲसिडमध्ये भिजलेली लोकर रंग लागलीच पकडते. म्हणून कड स्पष्ट राहते, पण त्याच कारणाने रंग आत झिरपत नाही. सुपरवॉश तर साध्या लोकरीपेक्षाही भराभर रंग ओढते. तेव्हा रंग ओतल्यावर हातमोजे घालून तो भाग वरून दाबत दाबत आत घालवा, लडी उलटवा, पाठीमागे पांढरं दिसेल तिथे पुन्हा टाका. चोळू नका.

काळा हा बहुधा तीन-चार रंगांचं मिश्रण असतो आणि ते एकाच वेगाने बसत नाहीत, त्यामुळे कडेला तपकिरी किंवा जांभळट झाक फुटते. कातळाला ती शोभते. पिवळ्याशेजारी मात्र घाण दिसते, म्हणून कातळ आणि सोनकी यांच्यामध्ये कायम हिरवा ठेवा. दोन रंगांमध्ये २ सेंटिमीटर कोरी जागा सोडा, दाबताना ती आपोआप भरते.

नंतर लडी प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळा, रंगाला रंग चिकटणार नाही अशी घडी घाला आणि वेगळ्या ठेवलेल्या मोदकपात्रात वाफवा. पाणी उकळायला लागल्यापासून ४० मिनिटं. उकळतं पाणी पुडीला लागता कामा नये. गॅस बंद करून झाकण न काढता रात्रभर थंड होऊ द्या. गरम लडी गार पाण्याखाली धरली तर साधी लोकर आटते. सुपरवॉश आटत नाही, पण रंग पुरता बसायच्या आत धुतला जातो. धुताना रंग येतच राहिला तर ॲसिड किंवा उष्णता कमी पडली आहे: ॲसिडच्या पाण्यात बुडवून पुन्हा ३० मिनिटं वाफवा.

टेकडी_ते_टाका
वरचं सगळं बरोबर. पण विणल्यावर काय दिसेल ते लडीचा घेर ठरवतो, तेही आत्ताच बघा.

घेर १५० सेंटिमीटर असेल तर १० ग्रॅम पिवळा म्हणजे १५ सेंटिमीटर. तो सलग टाकला तर विणकामात पिवळा पट्टा येईल. ५-५ सेंटिमीटरचे तीन तुकडे करून दूरदूर टाका. या जाडीच्या धाग्यात एका टाक्याला साधारण १.१ सेंटिमीटर लागतो, म्हणजे एका तुकड्यात चार-पाच टाके, आणि ते फुलांसारखे विखुरतात. कातळ मात्र दोनच तुकड्यांत ठेवा, कातळ ठिपक्यांत दिसत नाही.

१५० सेंटिमीटर म्हणजे सुमारे १३६ टाके. ओळीत ६८ किंवा १३६ टाके आले की रंग एकावर एक साचतात आणि शालीत डाग पडल्यासारखा पट्टा उभा राहतो. त्रिकोणी शालीत टाके वाढत जातात, त्यामुळे हे त्या दोन टप्प्यांवरच होईल. तिथे दोन लड्या आलटून पालटून घ्या, दर दोन ओळींनी. आपला अंदाज पक्का करायला धाग्यावर दोन खुणा करा, त्यांच्यामध्ये २० टाके विणा, उसवून लांबी मोजा.

पर्वतीची_पायरी
दोन शंका. तुळशीबागेतली लोकर अशी रंगवता येईल का? आणि पळसाची फुलं, डाळिंबाची सालं वगैरे वापरून हेच रंग आणता येतील का?

रंगपेटी
तुळशीबागेत मिळणारी बरीचशी ॲक्रिलिक असते, ती ॲसिड रंग घेत नाही. वीतभर धागा चिमट्यात धरून जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो.

वनस्पतींचे रंग बाटलीने टाकायला तितके चांगले नाहीत, कारण रंग बसायला लोकर तासभर त्यातच राहावी लागते. लडीचा अर्धा भाग बुडवून ते नीट जमतं. लोकरीच्या वजनाच्या १५ टक्के तुरटीत तासभर मंद आचेवर, मग निम्म्या वजनाच्या वाळक्या डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात. खाकी-पिवळा येतो. त्यावर १ ते २ टक्के हिराकस (फेरस सल्फेट) दिला की तोच ओल्या खडकाचा हिरवट-राखाडी होतो, आणि तो खरंच सुंदर येतो. हिराकस याहून जास्त नको, लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते. पळसाचा पिवळा-केशरी मोहक असतो, पण उन्हात उडतो. हळद तर त्याहून लवकर. शालीसाठी मी दोन्ही वापरणार नाही. खात्री हवी तर धाग्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा.

डेक्कनी मेंढीची काळी-राखाडी लोकर मिळाली तर कातळ न रंगवताच मिळतो. ती भरड आहे, घोंगडीची. गळ्याला टोचेल, पण शालीच्या काठाला चालेल. राखाडीवर पिवळा टाकलात तर ऑलिव्ह होतो, सोनकी नाही, हे लक्षात ठेवा.

धागा_कोथरूड
वाटणी पटली, कारवी वेगळी करते. सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. त्याने फरक पडेल का? आणि पाचवी लडी वाघोलीच्या खाणीतल्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासारखी करायची झाली तर?

टेकडी_ते_टाका
पडतो. बोअरचं पाणी क्षारांचं असतं, ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिडमधलं काही तेच खाऊन टाकतं. आम्लता दाखवणाऱ्या पीएच कागदाने बघा, पीएच ४ किंवा खाली हवा. वर असेल तर अर्धा अर्धा चमचा वाढवा. रंगाची द्रावणं फिल्टरच्या पाण्यात करा, जड पाण्यात काही निळे फुटून कणी धरतात.

कॅव्हन्साइटसाठी लडी जवळजवळ कोरीच ठेवा, पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर निळे झुबके असतात ना, तसं. टर्कॉइजमध्ये किंचित गडद निळा. टर्कॉइज फार सावकाश बसतो, त्याला ६० मिनिटं वाफ द्या, नाहीतर धुताना सुटून पांढरा भाग आकाशी करून टाकेल. पांढऱ्यावर निळा डाग पडला तर तो निघत नाही, म्हणून ही लडी घडी न घालता चकलीसारखी सपाट गुंडाळा आणि एकटीच वाफवा.