प्रतिसाद: व्हर्सायची बाग नुसती हौस नव्हती
वर कुणीतरी लिहिलंय की पॅरिसजवळच्या व्हर्साय महालाची बाग म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची महागडी हौस, बाकी काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. बागरचनाकार ल नोत्रने आखलेल्या त्या बागेत महालापासून निघालेली मधली सरळ रेघ बघा, कारंजी ओलांडून दीड किलोमीटरहून लांब कालव्यावरून थेट क्षितिजापर्यंत जाते, म्हणजे नजर जाईल तिथवर राजाचंच. आणि मध्ये सूर्यदेव अपोलो रथासकट पाण्यातून वर येतोय, आणि लुईने सूर्य हेच स्वतःचं चिन्ह म्हणून निवडलं होतं.

पाणी मात्र कायम कमी पडायचं. म्हणून राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा द्यायचे, तो जवळ आला की कारंजं सुरू, पुढे गेला की बंद! बाग कुठून कशी दाखवायची हे राजाने स्वतः लिहून ठेवलं होतं.

पण खरी कमाल छापील चित्रांची. सिल्व्हेस्त्र, ल पोत्र या कोरीव चित्रकारांकडून तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलेली चित्रं परदेशी राजदूतांना भेट म्हणून जायची. पेरेल या त्याच काळातल्या कोरीव चित्रकाराची चित्रं झूम करून बघा, बाग पक्ष्याच्या नजरेतून, जिथे कुणी पाहुणा उभाच राहू शकत नाही अशा उंचीवरून, आणि खाली माणसं मुंगीएवढी. चित्रात पाणी कधीच कमी पडत नाही, सगळी कारंजी एकाच वेळी उडतायत. ज्यांनी व्हर्साय कधी पाहिलंच नाही त्यांच्यापर्यंत राजाचा दरारा पोचला तो या कागदांमुळे.