बिटकॉइनचे पैसे चेनवर दिसतात, वॉलेटमध्ये शून्य: २० पत्त्यांची मर्यादा बरोबर की चूक?

चप्पल_लाईन:
भावांनो, आमचं चपलांचं दुकान हाय, परदेशातनं ऑर्डरी येतात, त्यातले काहीजण बिटकॉइननं पैसे देतात. साईटवर वॉलेटचं एक्सपब, म्हणजे नुसते पत्ते काढायची चावी, टाकलंय; खर्चायची चावी माझ्याकडंच, साईट फक्त दर ऑर्डरला नवा पत्ता काढून देते. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकानं दोन जोड कापशी चपलांचे पैसे पाठवले, व्यवहाराचा नंबर मेल केला, एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनची चेन (सगळ्या व्यवहारांची उघडी वही) दाखवणाऱ्या साईटवर, बघतोय तर सहा कन्फर्मेशन झालेली, म्हणजे व्यवहार पक्का, आणि वॉलेटमध्ये काहीच नाही. पत्त्याचं एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं, बरोबर होतं. पोटात गोळा आला.
रात्री शटर ओढून ऑर्डरींची यादी काढली तेव्हा कळलं. शेवटचे पैसे आलेला पत्ता ४१ नंबरचा, ह्याचा ६८. मधल्या २६ जणांनी चेकआऊटपर्यंत येऊन पैसे भरलेच न्हाईत. वॉलेट मात्र ओळीनं २० रिकामे पत्ते लागले की पुढं बघायचंच थांबतंय, म्हणजे ६१ ला थांबलेलं.
माझं म्हणणं एवढंच की ही चूक वॉलेटची हाय. बिप-४४ मध्येच (वॉलेटनं पत्ते कसे काढायचे त्याचा ठरलेला नियम) २०१४ पासनं लिहिलंय की मर्यादा २०, आणि त्यापुढं पत्ता काढायला गेला तर वॉलेटनं सावध करावं. मला कुणी केलं?

उद्यमनगर:
दादा, तुमची काळजी समजते पण दोष चुकीच्या जागी टाकताय. सावध करायचं ते पत्ता काढणाऱ्यानं, आणि पत्ते काढले तुमच्या साईटनं. फोनमधल्या वॉलेटला काय माहीत तिकडे ६८ पर्यंत वाटून झालेत? वॉलेटच्या पत्त्यांच्या एका ओळीत २१४ कोटींच्या वर पत्ते निघतात, कुठंतरी थांबायलाच लागणार. वॉलेटचे बारा गुप्त शब्द टाकून ते रिस्टोअर करताना हातात दुसरी कुठली यादी नसते, फक्त चेन असते, म्हणून तर सगळ्यांनी मिळून २० हा आकडा धरलाय. साईटच्या कोडमध्ये न भरलेल्या ऑर्डरी मोजा.

शाहूपुरी_गूळ:
मला हा खटाटोपच पटत नाही. एकच पत्ता द्या ना सगळ्यांना! आमच्या पेढीचं बँक खातं तीस वर्षं एकच आहे, काही बिघडलं नाही.

रंकाळा_वेस:
काका, बँक खात्याचा नंबर कळला म्हणून कुणी तुमचं पासबुक वाचू शकत नाही, इथं वाचू शकतो. एकच पत्ता ठेवला तर दोन जोड चपला घेणारा माणूससुद्धा आतापर्यंत किती आले, कुठं गेले सगळं बघत बसेल, आणि शेजारचा दुकानदार पण. शिवाय पत्ता वेगळा असला की कुठले पैसे कुठल्या ऑर्डरचे ते आपोआप कळतं, २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागतोय तर हिशोब स्वच्छ नको का?
मी म्हणतो मर्यादा सरळ १००० करा आणि विषय संपवा. बिटकॉइन कोअर ह्या वॉलेटमध्ये कीपूल (आधीच काढून ठेवलेल्या चाव्यांचा साठा) मुळातच १००० चा असतो.

उद्यमनगर:
कोअरचं वेगळं, त्याच्याकडे अख्खी चेन स्वतःच्या डिस्कवर असते, कुणाला विचारायचं नसतं. फोनवरचं हलकं वॉलेट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सर्व्हरला एकेक पत्ता विचारतं, ह्या पत्त्यावर काही आलं का, त्या पत्त्यावर काही आलं का. हजार पत्ते विचारले की वेळ जातो ते जातोच, पण हे हजारही एकाच माणसाचे हे त्या सर्व्हरला कळतं. प्रायव्हसीसाठी पत्ते वेगळे केले आणि गठ्ठा बांधून दुसऱ्याच्या हातात दिला, असं होतं ते. करायचंच तर स्वतःचा नोड (अख्खी चेन ठेवणारा कॉम्प्युटर) लावा, मग खुशाल १००० ठेवा.

शाहूपुरी_गूळ:
पासबुकाचं पटलं. पण मग ज्या २६ जणांनी पैसे भरले नाहीत त्यांचेच पत्ते पुढच्या गिऱ्हाईकाला का देत नाही? पत्ता वाया जाणार नाही आणि मधे रिकाम्या पत्त्यांचा गॅपही पडणार नाही.

चप्पल_लाईन:
काका, तेच भ्या वाटतंय. एखाद्यानं चार दिवसांनी जुन्या मेलमधला पत्ता उचलून पैसे टाकले तर ते कुणाच्या नावावर धरायचे?
बाकी पैसे मिळाले. कॉम्प्युटरवर स्पॅरो नावाचं दुसरं वॉलेट टाकलं, त्यात तेच बारा शब्द भरले, सेटिंगमध्ये गॅप लिमिट १०० केलं, आणि ६८ समोर रक्कम दिसली. चपला आजच पार्सल केल्या. उद्यमनगर, साईटवर मोजणी बसवतो, तुमचं ते मान्य. पण दोन दिवस मला वाटत होतं पैसे गेले, आणि वॉलेट नुसतं शून्य दाखवत होतं. 'पत्ता ६१ पर्यंत बघितलंय, पुढचं तपासायचं का' एवढी एक ओळ शून्याखाली टाकायला काय जातंय?

उद्यमनगर:
ती ओळ हवीच, त्यावर भांडण नाही. आकडा मात्र २० च राहू दे, नाहीतर प्रत्येक वॉलेट आपापला आकडा धरणार आणि एका वॉलेटमधले बारा शब्द दुसऱ्यात टाकले की हेच रडगाणं पुन्हा.