सल्ला हवा: बी.ए. प्रथम वर्षाचं मराठी पुस्तकातून मोबाइलवर न्यायचंय (यवतमाळ जिल्हा)

खडकाळ_वावर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. प्रथम वर्षाला कला-वाणिज्य मिळून सव्वाशे पोरं-पोरी. नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर अभ्यासक्रम बदलला, श्रेयांक बदलले, आणि नेमलेलं पुस्तक तालुक्याच्या दुकानात येईस्तोवर पहिलं सत्र अर्धं सरलं. निम्म्यांनी ते घेतलंच नाही, गाईडवर भागवलं. आता बैठकीत ठरलंय की येत्या जूनपासून भाषेचा पेपर ‘डिजिटल’ करायचा, आणि पहिला मान मराठीचा. मान म्हणजे काय, ते समजून घ्या.

आमची परिस्थिती अशी. घरात चांगला फोन एकच. पोरींच्या हाती तो रात्रीच्या जेवणानंतर येतो. पंधरा-वीस किलोमीटरवरून एसटीनं येणारे बरेच, आणि काही गावांत टॉवर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तरच. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, तिच्यामागे कापूस वेचणी, तेव्हा वर्गात वीस टाळकी. एक विद्यार्थी पूर्ण दृष्टिहीन आहे. बजेट विचारलं तर “बघू”.

गुगल क्लासरूम घेऊ, नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भागवू, की दुसरं काही? कार्यशाळेत ऐकलेलं नको, स्वतः केलेलं असेल तर सांगा.

पऱ्हाटी

सर, मी दोन वर्षाआंधी बीए झालो, अकोल्याकडून. शिकवणारा नाही, शिकलेला बोलून रायलो.

आमच्या सरानं आख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकलं न बाप्पा. शंभरेक एमबीची फाईल. डाउनलोड झाली तवा मायचा वाढदिवसाचा व्हिडिओ डिलीट कराव लागला, काहून का फोनात जागाच नव्हती. उघडून पाह्यलं त पान एवढं मोठं, अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं की ओळ अर्धी बाहेर. एक ओळ वाचाले फोन डावीकडं ढकला, मंग उजवीकडं ढकला. तिसऱ्या दिवशी सोडून देल्लं. वर्गातल्या कोणीच वाचलं नाही, अन् सरले वाटे पोट्टे वाचून रायले, कारण ग्रुपवर सगळ्याइचे निळे टिक.

म्हणून सांगतो, काही करा पण स्कॅन नका टाकू.

ग्रंथपाल_वाशीम

वरच्या भाऊंचं दुखणं तंतोतंत बरोबर आहे. त्याला दोन उपाय.

पहिला, पानाचा आकार. ए-फोर कागद छपाईसाठी असतो. लिब्रेऑफिसमध्ये पानाचा आकार 9 बाय 16 सेंटीमीटर ठेवा, समास अर्धा सेंटीमीटर, अक्षर 14 पॉइंट. एक पान म्हणजे एक स्क्रीन, ढकलाढकली बंद. फॉन्ट ‘मुक्ता’ घ्या. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी केलेला आहे, मोफत आहे. अशी सबंध घटकाची पीडीएफ एक-दोन एमबीच्या वर सहसा जात नाही.

दुसरा आणि जास्त महत्त्वाचा: युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकाला सारखीच कळणारी अक्षरं. आपल्याकडे डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये जुळणी करतात. कागदावर सुबक दिसतं, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरांची भेळ होते. तुमच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात मोठी. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक युनिकोड मराठी वाचून दाखवतं, पण स्कॅन केलेलं पान त्याला नुसतं चित्र, आणि जुन्या फॉन्टमधलं पान म्हणजे बडबड. मजकूर टंकायला माणूस नसेल तर स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. मराठी बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरांत चुकतं. तपासायचं काम मात्र तुमचंच. टेसरॅक्ट नावाचं मोफत साधनही मराठी ओळखतं, पण त्याला संगणकाचा थोडा सराव लागतो.

आता कॉपीराइट. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून, 60 वर्षं हक्क राहतो. बालकवी 1918 मध्ये गेले, त्यांच्या कविता खुशाल टंका. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, तेही मोकळे. पण आपल्या भागात ज्यांची भजनं पाठ असतात ते तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे ग्रामगीता 2029 उजाडल्यावरच मोकळी. संतसाहित्यात आणखी एक मेख: मूळ रचना शेकडो वर्षं जुनी असली तरी संपादकाची प्रस्तावना आणि टिपा जुन्या नसतात. कलम 52 मध्ये शिकवण्यासाठी सवलत आहे, आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या खटल्यात ती बरीच सैल वाचली. तरी नेमलेलं आख्खं पुस्तक ग्रुपवर टाकण्याआधी प्रकाशकाकडून लेखी परवानगी घ्या. मी दोनदा मागितली. एकदा मिळाली, एकदा उत्तरच आलं नाही.

सिपना_काठ

धारणीकडे शिकवते. आमच्याकडे नेट नाही असं गृहीत धरूनच सगळं करतो, म्हणून क्लासरूमचा विचार पहिल्या महिन्यातच सोडला.

जुना लॅपटॉप असेल तर त्यावर कोलिब्री बसवा, नेटशिवाय धडे पुरवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक चालतो. त्याला वाय-फाय जोडलं की खोलीतली मुलं आपापल्या फोनच्या ब्राउझरमधून धडे उघडतात, कुणाचाही डेटा खर्च होत नाही. तुमचे पीडीएफ, ध्वनिफिती, बहुपर्यायी प्रश्न त्यात घालता येतात. घालण्यापुरतं एकदा नेट लागतं, तेवढं तालुक्याला येऊन करायचं. वीज गेली तरी पाय चांगल्या पॉवर बँकेवर दोन तास काढतो. आणि किविक्स हे नेटशिवाय वाचायचं साधन घेतलंत तर सबंध मराठी विकिपीडिया त्याच डबीत ठेवता येतो. आमची मुलं त्याला ‘मॅडमची डबी’ म्हणतात.

पण खरा उपयोग मला झाला तो आवाजाचा. माझी बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात नामाचा भेद सजीव-निर्जीव असा. ‘तो दगड, ती वाट, ते झाड’ हे त्यांना कोणत्याही नियमानं समजावता येत नाही, कानावर पडून पडूनच बसतं. पुस्तक हे करू शकत नाही, मी तासाला किती वेळा म्हणणार? पाच-पाच मिनिटांच्या फिती केल्या, मी वाक्य म्हणायचं, मध्ये जागा सोडायची, मुलानं म्हणायचं. ओपस स्वरूपात 24 केबीपीएसवर तासाभराचा आवाज जेमतेम 11 एमबी होतो. जनावरांमागे असतानासुद्धा ऐकतात.

लाल_शाई

तीस वर्षं पेपर तपासले, म्हणून कडू बोलतो, राग मानू नका.

परीक्षा कशी होणार? उत्तरपत्रिकेवर, पेननं. वर्षभर पोरगं बोटानं टिचकी मारून पर्याय निवडणार आणि उन्हाळी परीक्षेत त्याला सांगणार, निबंध लिही. सुचवणाऱ्या कीबोर्डनं शुद्धलेखन तर आधीच खाल्लंय, ‘पाणी’चा णी पेटीत येतो म्हणून बरोबर. हातानं लिहायला लावलं की ‘पानी’. बैठकीतल्या मंडळींना तासभर वर्गात बसवा आणि मग काय ते ठरवा.

खडकाळ_वावर

लाल_शाई सर, राग कसला, हेच मला बैठकीत बोलता आलं नाही. पण एक सांगतो: पुस्तक असतानाही पोरं लिहीत नव्हतीच. गाईडमधून उतरवायची. कागदाची बाजू घेताना ते विसरायला नको.

सिपना_काठ मॅडम, तुमचा आवाजाचा मुद्दा डोक्यात बसला. आमच्याकडे कोरकू नाही, पण बंजारा तांड्यांवरची मुलं बरीच आहेत, घरी गोरमाटी. आणि वऱ्हाडी बोलणारी मुलं प्रमाण मराठी वाचताना अडखळतात ती वेगळीच. फितीत आधी त्यांची बोली, मग पुस्तकी वाक्य असं ठेवू का? ‘मले मालूम नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ शेजारी शेजारी.

सिपना_काठ

जरूर ठेवा सर. फक्त बोलीचं वाक्य ‘चूक’ म्हणून आधी आणि प्रमाण ‘बरोबर’ म्हणून नंतर, असा सूर लागू देऊ नका. माझ्याकडून पहिल्या फितीत तो लागला होता. एका मुलीनं ती दुसऱ्यांदा ऐकलीच नाही.

पऱ्हाटी

हाव सर! अन् फितीत आवाज एखाद्या पोरीचा ठेवा. सरचा आवाज आईकला की हजेरीच आठवते.

धानपट्टा

भंडाऱ्याकडून. एकच अनुभव जोडतो, कारण मी यातच आपटलो. गुगल फॉर्मवर रिकाम्या जागा भरायला दिल्या, तपासणी आपोआप. उत्तर होतं ‘वऱ्हाड’. चाळीसातल्या बऱ्याच जणांना शून्य. नीट पाहिलं तर कुणी ‘वर्‍हाड’ऐवजी ‘वर्हाड’ टंकलेलं, कुणाचा ऱ वेगळ्या संकेतांचा. डोळ्याला एक, यंत्राला दोन. ‘ॲ’चंही तसंच, अ वर चंद्र देऊन लिहिलेला वेगळा मोजला जातो. तेव्हापासून आपोआप तपासायचं ते फक्त बहुपर्यायी. रिकामी जागा ठेवलीच तर फॉर्ममध्ये एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं नोंदवता येतात, सगळी रूपं नोंदवा.

ग्रंथपाल_वाशीम

हे लाखमोलाचं. मी विसरलो होतो.

खडकाळ_वावर

मंडळी, प्राचार्यांशी बोललो. जे मान्य झालं ते असं: धडे 9 बाय 16 च्या पीडीएफमध्ये, युनिकोड, आधी हक्कमुक्त कविता आणि आमचे स्वतःचे उतारे. प्रकाशकाला परवानगीचं पत्र या आठवड्यात. फिती व्हॉट्सॲपवर नाहीत, ग्रंथालयातल्या लॅपटॉपवरून, एसटीची वाट पाहताना घ्यायच्या. लाल_शाई सरांसाठी: दर शनिवारी एक पान हातानं, वहीत, आणि गुण त्यालाच. ग्रंथालयात छापील पुस्तकाच्या पंधरा प्रती राहतील. यावर थोडी कुरबुर झाली, “मग डिजिटल कसलं?” म्हणून. मी म्हटलं, सोंगणीच्या महिन्यात सांगतो.

लॅपटॉपला बॅटरी नाही, थेट वायरवर चालतो. पाय घ्यायचा तर पैसे कुठून हा प्रश्न उरतोच.

लाल_शाई

शनिवारच्या वह्या तपासणार कोण? सव्वाशे आहेत. पंचवीस मला पाठवा, निवृत्त माणूस आहे. तालुक्याच्या एसटीत कंडक्टरजवळ गठ्ठा द्या, स्टँडवरून घेतो. लाल पेन माझ्याकडे आहेत.

पऱ्हाटी

सर, पह्यली फीत झाली की इथं टाकजा. माह्या आवाजात पायजे असंल तरी सांगजा, रात्री वावरात ओलित करतानी रेकॉर्ड करून देतो, मागं मोटरचा आवाज येईन थोडासा.