आयफोनवर तळाचं बटण पट्टीमागे, विंडोजवर उकार कापलेले

(वेबपानाच्या मांडणीवरची चर्चा; चौकट, अर्धविराम आणि वेलांटी ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

चौकट: मराठी अर्जाचं पान आहे. वर हेडर, मध्ये स्क्रोल होणारा फॉर्म, तळाला ‘पुढे जा’ बटण. बाहेरच्या डिव्हला (सगळ्याला वेढणाऱ्या चौकोनाला) हाइट: १००व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) आणि कॉलम फ्लेक्स (भाग एकाखाली एक). लॅपटॉपवर क्रोमच्या मोबाइल मोडमध्ये सगळं जागेवर दिसतं, पण खऱ्या आयफोनवर बटण खालच्या पट्टीमागे अर्धं जातं. तिथल्या क्रोममध्येही तेच. शिवाय विंडोजवर ‘कौटुंबिक उत्पन्न’ या शीर्षकातले उकार खालून कापले जातात, मॅकवर नाही. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ आहे, ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवलेलं). सफारीसाठी वेगळी स्टाइलशीट लावू का?

अर्धविराम: वेगळी शीट नको, दोन महिन्यांत कुठली शीट कशासाठी होती तेच कळेनासं होतं. आपल्याकडे आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच (सफारीचंच इंजिन), म्हणून दोन्हीकडे एकच दुखणं.

१००व्हीएच म्हणजे ॲड्रेस बार आक्रसल्यावर मिळणारी उंची. बार दिसत असताना तेवढी जागा नसते, मग तळ झाकला जातो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही हाच हिशोब आहे. लॅपटॉपच्या मोबाइल मोडमध्ये बारच नसतो, त्यामुळे तिथे हे कधीच सापडणार नाही.

एकाखाली एक दोन ओळी लिहा:

हाइट: १००व्हीएच;
हाइट: १००डीव्हीएच;

डीव्हीएच म्हणजे पट्ट्या आत-बाहेर होतील तशी बदलणारी, त्या क्षणी खरोखर दिसणारी उंची. क्रम उलटा करू नका. जुन्या ब्राउझरला डीव्हीएच कळत नाही, तो दुसरी ओळ सोडून पहिली धरतो. डीव्हीएच सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ पासून, म्हणजे २०२२ पासून सगळीकडे आहे. मात्र लांबलचक पानावरच्या मोठ्या बॅनरला ते लावू नका, बार आत-बाहेर होताना बॅनर हलतो. तिथे एसव्हीएच (बार दिसत असतानाची, न बदलणारी उंची) बरं.

वेलांटी: उकारांचा दोष ब्राउझरचा नाही, फॉन्टचा. फॉन्ट-फॅमिली नुसत्या सॅन्स-सेरिफवर सोडली की विंडोज निर्मला यूआय उचलतं, ॲपलकडे कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची वरची-खालची मापं वेगळी. १.१ ही इंग्रजी शीर्षकांची सवय. देवनागरीत वर मात्रा नि अनुस्वार, खाली उकार, तेव्हा १.५ च्या खाली जाऊ नये. ओव्हरफ्लो हिडन ठेवायचंच असेल तर पॅडिंग-ब्लॉक: ०.१५ईएम द्या. सगळीकडे सारखंच दिसायला हवं असेल तर मुक्तासारखा खुला फॉन्ट सीएसएसच्या फॉन्ट-फेस नियमाने पानासोबत स्वतः पाठवा. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) असेल तर काढा, शिरोरेषा तुटते.

बटण, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया या चौघांना फॉन्ट: इनहेरिट द्या. ते पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, १३.३३ पिक्सेलवर अडून बसतात. इनपुट १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोन त्यावर टॅप करताच पान झूम करतो. बॉडी १६ असेल तर तेही यातच मिटेल.

चौकट: बटण दिसलं, उकारही आले. आता कीबोर्ड उघडला की बटण पुन्हा झाकलं जातंय. डीव्हीएच असूनही?

अर्धविराम: डीव्हीएच कीबोर्ड मोजतच नाही, फक्त ब्राउझरच्या पट्ट्या मोजतं. अँड्रॉइड क्रोमसाठी पानाच्या हेडमधल्या व्ह्यूपोर्ट मेटा टॅगमध्ये इंटरॲक्टिव्ह-विजेट=रिसाइझेस-कंटेंट घाला, कीबोर्डएवढी उंची कमी होईल. सफारी ते जुमानत नाही. तिथे नुसत्या सीएसएसने भागत नाही, व्हिज्युअल व्ह्यूपोर्टची (कीबोर्ड वगळून दिसणाऱ्या भागाची) उंची जावास्क्रिप्टने वाचावी लागते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा बटण तळाला न चिकटवता शेवटच्या रकान्याखाली, स्क्रोलच्या आतच ठेवा.

वेलांटी: हेडरमधल्या आयकॉनना फ्लेक्सवर गॅप (मधलं अंतर) दिला असेल तर सफारी १४.१ च्या आधी तो शून्य होतो. सीएसएसचा सपोर्ट्स (‘हे चालतं का’ विचारणारा नियम) लावून तपासू नका: ग्रिड या दुसऱ्या मांडणीचा गॅप तिथे चालतो, म्हणून उत्तर ‘हो’ असंच येतं. इतके जुने आयपॅड धरायचे असतील तर दुसऱ्या आयकॉनपासून पुढे मार्जिन-लेफ्ट द्या आणि गॅप काढून टाका, नाहीतर नव्या ब्राउझरमध्ये अंतर दुप्पट होईल.